साथ ओसरली, ऑक्सिमीटर उरला: सोलापुरातल्या एका घरच्या यंत्राचे परीक्षण

पल्स ऑक्सिमीटर घ्यावा की नाही, असे विचारणाऱ्याला मी अलीकडे उलट विचारतो, की तो कोणाच्या बोटासाठी घ्यायचा आहे आणि त्या माणसाने २०२०-२१ ची साथ कशी काढली. प्रश्न विचित्र वाटतो, कारण थर्मामीटर किंवा रक्तदाबाचे यंत्र घेताना असे कोणी विचारत नाही. परंतु करोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेले आमच्या घरचे यंत्र अजून चालू स्थितीत आहे, आणि इतक्या वर्षांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की मापनाचे साधन म्हणून त्यात फारसे वावगे नाही; मात्र धास्ती शमवण्यासाठी ते वापरू लागले की तीच धास्ती ते रोज थोडी थोडी वाढवत नेते, आणि ही सूचना त्याच्या खोक्यावर कुठेही छापलेली नसते.

एप्रिल २०२१ मध्ये आम्ही ते मिळेल त्या किमतीला घेतले. साथीपूर्वी हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या या वस्तूसाठी तेव्हा अडीच हजारांच्या घरात पैसे मोजावे लागले, पावती मागितली तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि सोबतचे माहितीपत्रक केवळ इंग्रजी व चिनी भाषांत होते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली खरी, पण तोवर दुसऱ्या लाटेचा भर ओसरून गेला होता. यंत्राच्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही; या किमतीतली बहुतेक यंत्रे एकाच घडणीची असतात, आणि मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या यंत्राला तितकेच लागू पडते.

आधी यंत्राविषयी. बोटाच्या एका बाजूने ते लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण सोडते आणि पलीकडे किती प्रकाश पोचला ते मोजते. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते, ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश अधिक शोषते, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा तेवढाच भाग वेगळा काढून या दोहोंचे प्रमाण ठरवले की रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी मिळते. ही युक्ती १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात शोधून काढणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी निधन पावले. सोलापुरात पाच्छा पेठेत पहिला करोना रुग्ण आढळला तो महिना हाच. आपल्या शोधाची गल्लीबोळांतल्या घराघरांत पुढे काय गत झाली, ते पाहायला ते उरले नाहीत.

यंत्राच्या अचूकतेविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेले उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे: यंत्रावर ९० दिसत असेल, तर रक्तातले खरे प्रमाण साधारणपणे ८६ ते ९४ च्या दरम्यान कुठेही असू शकते. बोट थंड असेल, नखाला गडद रंग असेल, हात हलत असेल, तर आकडा आणखी बिघडतो. गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते, हे अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून डिसेंबर २०२० मध्ये ठळकपणे पुढे आले. शिवाय धूम्रपानामुळे रक्तात गेलेल्या कार्बन मोनॉक्साइडला साधे ऑक्सिमीटर ऑक्सिजनच समजते. बिड्या वळणाऱ्या, आणि ओढणाऱ्याही, या शहरात ही बाब कोणी फारशी सांगितल्याचे मला आठवत नाही. म्हणजे ९७ आणि ९६ यांतला फरक हा बहुतेक वेळा यंत्राचा असतो, माणसाचा नसतो. आमच्या घरी या एका अंकावरून रात्री दिवे लागलेले आहेत.

हे सर्व मान्य करूनही २०२१ च्या त्या दिवसांत या यंत्राने मोठे काम केले, असेच मी म्हणेन. करोनात अनेक रुग्णांना दम लागल्याचे जाणवण्याआधीच ऑक्सिजन घसरलेला असे, आणि चालत-बोलत असलेला माणूस काही तासांत अत्यवस्थ होई. त्या वेळच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ९० ते ९३ ही मध्यम आजाराची, आणि ९० च्या खाली ही गंभीर आजाराची खूण धरलेली होती; सहा मिनिटे घरातल्या घरात चालून पुन्हा आकडा पाहण्याची चाचणी आरोग्य विभाग सांगत होता. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत, आशा ताईंनी दारोदार जाऊन तापमान आणि ऑक्सिजन मोजला होता. सोलापुरातल्या पुष्कळ घरांनी हे यंत्र पहिल्यांदा पाहिले ते त्यांच्याच हातात. दाराशी आलेल्या बाईने बोटाला चिमटा लावला, की घरातली माणसे श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत, कारण आकडा कमी आला तर पुढे विलगीकरण केंद्र, गल्लीच्या तोंडाला ठोकलेले पत्रे, आणि शेजाऱ्यांच्या नजरा हे सगळे ओळीने येणार, हे ठाऊक असे. भीती आजाराची होती, तशीच ती उघडे पडण्याचीही होती. आणि यंत्राचे आमच्याशी जे नाते जुळले, त्याची सुरुवात या दुहेरी भीतीत आहे.

आमच्या घरी दुसऱ्या लाटेत काका गेले. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे थोडे माग होते, टॉवेलचे. खाट मिळेपर्यंतचे तास या यंत्राच्या साक्षीने गेले, आणि काकूंच्या मनात तो काळ आकड्यांनीच कोरला गेला: सकाळी एक्याण्णव, दुपारी अठ्ठ्याऐंशी, रिक्षात बसवताना चौऱ्याऐंशी. काकांचे शेवटचे बोलणे काय झाले, हे त्यांना नीट सांगता येत नाही. आकडे मात्र क्रमाने सांगता येतात. त्यांना स्वतःला झालेला करोना सौम्य होता आणि त्यातून त्या बऱ्या झाल्या. यंत्र मात्र उशाशी राहिले. रात्री-अपरात्री त्यांच्या खोलीतून बारीक बीप ऐकू येई आणि मग हाक येई, "अरे, बघ रे जरा, किती दाखवतंय?" आकडा ९७ असे. त्या ‘बरं’ म्हणत, आणि काही वेळाने पुन्हा तीच बीप.

या वागण्यात केवळ एका बाईचा स्वभाव पाहणे अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले की साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य या विकारांचे जगभरातले प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याचा सर्वाधिक भार स्त्रिया आणि तरुण यांच्यावर पडला. कारणे म्हणून एकाकीपण, संसर्गाची व मृत्यूची भीती, जिवलगांचे जाणे आणि पैशांची काळजी ही नोंदवलेली होती. हे करोनाचेच वैशिष्ट्य होते असेही नाही. २००३ च्या सार्स साथीत कॅनडातल्या टोरांटो शहरात विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांची पाहणी झाली. त्यांत सुमारे २९ टक्क्यांना आघातोत्तर तणावाची आणि ३१ टक्क्यांना नैराश्याची लक्षणे आढळली, आणि विलगीकरण जितके लांबले तितकी लक्षणे वाढलेली दिसली. ही माणसे विलगीकरणात होती, रुग्णालयात नव्हे. साथीच्या मागोमाग मनाचे आजार येतात, हे २०२० च्या आधी पुरेसे ठाऊक झालेले होते. आपल्याकडे तयारी मात्र खाटांची आणि सिलिंडरांची झाली, आणि तीही जेमतेम.

आता यंत्राच्या मुख्य दोषाकडे येतो. हा दोष रचनेचा नाही, सोयीचा आहे. आकडा मिळवायला काही सेकंद लागतात, कोणाची परवानगी लागत नाही, टोचावे लागत नाही, आणि प्रत्येक वेळी बहुधा चांगलाच आकडा येतो. चिंतेच्या दृष्टीने याहून घातक रचना शोधून सापडणार नाही. मन म्हणते, ‘काहीतरी होतंय’, बोट यंत्रात जाते, ९८ दिसते, क्षणभर सुटल्यासारखे वाटते. मनात मात्र असे रुजत जाते, की आपण तपासले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तीच शंका थोडी लवकर येते आणि सुटकेची घटका थोडी आखूड होते. मानसोपचारात याला खात्री करून घेण्याची सवय म्हणतात. दार लावले का ते पुन्हापुन्हा बघणाऱ्या माणसाचे जे होते, तेच येथे होते. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळण्याचा तरी कंटाळा येतो. येथे तोही अडसर नाही.

त्यात शरीराची भर पडते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते, डोके हलके होते. ऑक्सिजन मात्र सहसा ९८-९९ च असतो. यावरून एखाद्याला धीर यावा. पण करोनातून गेलेल्या माणसाला हीच लक्षणे म्हणजे ‘तेव्हासारखे’ वाटतात, आणि मग यंत्रच बिघडले असावे असा संशय येतो. दुसरीकडे, घाबरल्याने हात गार पडतात आणि गार बोटावर यंत्राला नाडी नीट सापडत नाही, म्हणून ते एखादे वेळी ८९ दाखवते आणि लगेच ९७ वर जाते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, सोलापूरच्या मानाने बोचरी थंडी असते तेव्हा, असे होण्याचा संभव अधिक. आमच्या घरी अशाच एका पहाटे रिक्षा दाराशी आली होती. रुग्णालयात पोचेपर्यंत हात गरम झाले होते आणि आकडा पूर्ववत होता. नाडीची लहर आणि रक्तप्रवाहाचा निर्देशांक दाखवणारे यंत्र घेतले असते, तर लहर सपाट असताना दिसलेला आकडा खोटा धरायचा, एवढे तरी कळले असते. आमच्या यंत्रात केवळ एक उभी पट्टी वरखाली होते, तिचा अर्थ माहितीपत्रकातही सांगितलेला नाही.

एक गोष्ट येथे न सांगितल्यास मी वाचकांची दिशाभूल करीन. चांगला आकडा आला म्हणजे त्रास खोटा ठरत नाही. करोनानंतर महिनोन् महिने थकवा, दम, धडधड, विस्मरण टिकून राहणाऱ्यांची स्थिती जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्येत बसवली, आणि अशा अनेकांचा ऑक्सिजन विश्रांतीच्या वेळी उत्तम असतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी मुख्यतः अमेरिकेतल्या दोन लाख छत्तीस हजारांहून अधिक करोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ३४ टक्क्यांना पुढच्या सहा महिन्यांत मेंदूचा किंवा मनाचा एखादा विकार नोंदलेला आढळला. त्यांत काहींचे जुनेच दुखणे पुन्हा वर आलेले होते, तरी प्रमाण लहान नव्हे. काकूंना घेऊन आम्ही पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी यंत्रावरचा ९८ पाहिला, छाती तपासली आणि "मनाचे खेळ आहेत, देवाधर्मात मन रमवा" असे सांगून पाठवून दिले. छातीत काही नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण मनाचे खेळ असतील तर मनाच्या डॉक्टरांकडे जा, हे पुढचे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही, आणि त्या एका न निघालेल्या वाक्याने आमचे बरेच महिने घेतले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांनुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे आढळले होते. हे अंतर कसे पडते, ते मला त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना उमजले.

यंत्राला न मोजता येणारे आणखी पुष्कळ होते. पूर्व भागात माग थांबले तेव्हा ज्या घरांना दिवसरात्र खडखडाटाची सवय होती, त्यांना शांततेत झोप येईना, असे आमचे तेलुगू शेजारी सांगत. बिड्या वळणाऱ्या बायकांना पान-तंबाखू मिळणे बंद झाले की त्या आठवड्याची मजुरी बंद. ऑक्सिजन ९९ आणि डब्यात पीठ नाही, अशा घरात धडधड कशाची होते ते बोटाला चिमटा लावून कळत नाही. जुलै २०२० च्या कडक टाळेबंदीत अशी घरे कमी नव्हती. तरी हे यंत्र त्या घरांतही, वर्गणी काढून चार घरांत मिळून एक, असे घेतले गेले. आणि एका घरातला आकडा दुसऱ्या घरात पोचायला उशीर लागत नसे. यंत्र मध्ये ठेवून माणसे एकमेकांची काळजी घेत होती, हेही खरे आहे. या सामाईक यंत्रांनी, माझ्या पाहण्यात, खाजगी यंत्रांपेक्षा कमी नुकसान केले. मध्यरात्री शेजाऱ्याचे दार वाजवून आकडा बघण्याचा संकोच असतो, आणि तो संकोचच तेथे औषधासारखा उपयोगी पडला असावा.

काकूंच्या बाबतीत मात्र प्रश्न निव्वळ भीतीचा नव्हता. काकांचा अंत्यविधी मोजक्या माणसांत, लांबून पाहत झाला. दहाव्याला, तेराव्याला माणसे आली नाहीत, येऊ शकत नव्हती. रडायला गळा लागतो. त्यांना तो मिळाला नाही. दुःख फार काळ त्याच तीव्रतेने टिकून राहिले, माणसाचे रोजचे जगणे अडवू लागले, तर त्याला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त, असे त्याचे माप सांगितले आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. ज्या समाजाची शोक करण्याची रीतच साथीने मोडून टाकली, तेथे ‘रीतीपेक्षा जास्त’ कसे ठरवायचे, हा प्रश्न मला पडतो. काकूंसाठी ते यंत्र म्हणजे काकांच्या शेवटच्या दिवसाशी उरलेला धागाही होता, आणि म्हणूनच ते हिसकावून कपाटात टाकण्याचा आमच्या घरातला पहिला उपाय सपशेल फसला. त्या दुसरे यंत्र घेऊन आल्या.

उपाय लागू पडला तो मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्याकडच्या समुपदेशक बाई यांच्या बेताने, आणि तो बेत यंत्राच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयुक्त असल्याने थोडा सविस्तर देतो. त्यांनी यंत्र काढून घेतले नाही. तपासावेसे वाटले की आधी घड्याळात वेळ पाहायची, मनातली भीती दहापैकी किती ते वहीत लिहायचे, आणि काही मिनिटे थांबून मगच बोट घालायचे, एवढेच प्रथम सांगितले. वही भरू लागली तेव्हा काकूंच्याच लक्षात आले की थांबल्यावर भीतीचा आकडा आपोआप उतरतो, यंत्राविनाही. मग थांबण्याची वेळ वाढवली, मग तपासणे सकाळच्या एका वेळेपुरते ठेवले, मग यंत्र सुनेच्या खोलीत गेले. जोडीला काही काळ गोळ्या होत्या. आणि या सगळ्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे, त्या खोलीत काकूंना काकांविषयी आकडे सोडून बोलायला लावले गेले: लग्नातली गंमत, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे, मागाचा पहिला टॉवेल. दर भेटीचे शुल्क आम्हाला परवडले, हे आमचे नशीब. सर्वांना ते परवडणारे नाही, आणि भेटीची वेळ मिळण्यासाठी फार थांबावे लागते, ही त्या खाजगी सेवेविषयीची माझी तक्रार आहे.

ज्यांना ते परवडत नाही त्यांनी दोन वाटा ध्यानात ठेवाव्यात. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘सिव्हिल’मध्ये, मानसोपचार विभाग आहे. दुसरी वाट १४४१६ या क्रमांकाची. ‘टेली मानस’ ही सेवा केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात, साथीने सर्व वयांच्या लोकांचे मानसिक प्रश्न वाढवल्याचा उल्लेख करून जाहीर केली, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स संस्था तिचे मध्यवर्ती केंद्र आहे, फोन चोवीस तास आणि विनामूल्य आहे, आणि तिच्या भाषांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही आहेत, ही गोष्ट तीन भाषांत जगणाऱ्या सोलापूरला विशेष मोलाची आहे. भीती माणसाला मायबोलीतच वाटते. फोनवरच्या सेवेला अर्थातच माणसाचा चेहरा दिसत नाही, आणि ज्याला प्रत्यक्ष उपचार लागतात त्याला पुढे पाठवावेच लागते. परंतु मध्यरात्री बोट यंत्रात घालण्याऐवजी हा क्रमांक लावावा, असे मी निःसंकोचपणे सांगेन, कारण पलीकडून येणारे उत्तर निदान दोन आकड्यांत संपत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे ‘जीबीएस’ची, साथ आली आणि त्यातल्या एका संशयित रुग्णाचा मृत्यू सोलापुरात झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतली जुनी यंत्रे पुन्हा बाहेर निघाली. हा वापर तर मुळातच चुकीचा होता. जीबीएस हा माणसाकडून माणसाला होणारा आजार नव्हे. बहुधा एखाद्या जंतुसंसर्गानंतर, जसे दूषित पाण्यातून किंवा अन्नातून झालेल्या, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, तेव्हा तो होतो. त्यात श्वासाचे स्नायू दुबळे होऊ शकतात हे खरे, पण ऑक्सिजनचा आकडा अशा वेळी फार उशिरा घसरतो. पायांत मुंग्या आणि अशक्तपणा, जिना चढता न येणे, गिळायला त्रास, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठायचे असते. ९८ पाहून घरी थांबणारा माणूस येथे खऱ्या धोक्यात सापडतो. एकच यंत्र निरोग्याला घाबरवते आणि आजाऱ्याला निर्धास्त करते, असा उलटा प्रकार मी या साथीत पाहिला. काकूंनी त्या आठवड्यात पाणी उकळून घेतले, आणि यंत्र मागितले नाही.

तेव्हा शिफारस अशी. फुप्फुसाचा जुना आजार, हृदयाचा आजार, घरी ऑक्सिजन लावलेला रुग्ण, अशा घरात, डॉक्टरांनी कधी मोजायचे आणि किती आकड्याला काय करायचे हे लिहून दिलेले असेल, तर हे यंत्र अवश्य घ्यावे. नाडीची लहर दाखवणारे घ्यावे, पावती घ्यावी, आणि दुकानातच दोन-तीन जणांच्या बोटांवर लावून पाहावे. मोजण्याआधी हात चोळून गरम करावा, नखाचा रंग काढावा, आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवू नये. यंत्र वापरात नसेल तर त्यातले सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतले धातूचे टोक गंजते. आमचे दुसरे यंत्र असेच गेले आणि त्याबद्दल कोणी हळहळले नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी ॲप तर मुळीच घेऊ नयेत. साथीच्या काळात बनावट ॲपमधून फसवणूक होत असल्याचे इशारे सरकारी यंत्रणांनीच दिले होते. बाकी निरोगी माणसाने, विशेषतः ज्याने साथीत कोणाला गमावले आहे किंवा स्वतः रुग्णालयात राहून आला आहे त्याने, ‘असू द्यावे घरात’ म्हणून ते आणू नये. यंत्राला मी पाचापैकी चार गुण देतो, आणि ते उशाशी ठेवण्याच्या रिवाजाला शून्य.

मनगटी घड्याळांविषयी हल्ली फार विचारणा होते, म्हणून जाता जाता लिहितो. अनेक स्मार्टवॉच रात्रभर आपणहून ऑक्सिजन मोजतात आणि सकाळी आलेख दाखवतात. यातली पुष्कळशी वैद्यकीय उपकरण म्हणून विकली जात नाहीत, तसे त्यांच्या माहितीत बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते, आणि हात उशीखाली दबला तरी आलेखात खड्डा पडतो. पुतणीने हौसेने काकूंना असे एक घड्याळ वाढदिवसाला दिले. वेळ, पावले आणि फोन यांसाठी ते उत्तम आहे आणि काकू ते आवडीने वापरतात. ऑक्सिजनचे आपोआप मापन मात्र सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, ते आम्ही खोका उघडला त्याच दिवशी बंद केले. घड्याळ भेट देणाऱ्यांनी ते आधीच बंद करून द्यावे.